नाणं खरं, आकडा खोटा: मामांच्या लिलावाचं काय करायचं?

पत्र थोडक्यात, नाव-पत्ता काढून: कोल्हापुरातल्या एका ताईंनी लिहिलंय. त्यांचे सासरे (त्या त्यांना मामा म्हणतात) साखर कारखान्याच्या लॅबमधून रिटायर झालेत. जुन्या नाण्यांचा नाद त्यांना पहिल्यापासून, पण हल्ली मोबाईलवर ऑनलाईन लिलाव सापडलेत आणि रात्री बिड संपायच्या वेळेला सगळं घर जागं असतं. दिवाळीत त्यांनी जॉर्ज सहावाचा १९३९ चा चांदीचा रुपया २७ हजाराला घेतला. गुजरीत, म्हणजे इथल्या सराफ बाजारात, दाखवला, सराफ म्हणाले चांदी चोख, वजन बरोबर, म्हणून मामा निवांत. ताईंच्या भाच्यानं मात्र मोबाईलवर झूम करून बघितलं तर त्याला सालाचा शेवटचा आकडा खटकला. आता मामांची नजर एका 'शिवकालीन सोन्याच्या होना'वर आहे, बिड सव्वा लाखाच्या पुढं गेलीय आणि एफडी मोडायची बोलणी चाललीत. त्यातच व्हॉट्सअ‍ॅपवर कुणीतरी त्यांच्याकडच्या वैष्णोदेवीच्या पाच रुपयाच्या नाण्याला ९ लाख देतो म्हणतोय, फक्त आधी रजिस्ट्रेशनचे १,८५० रुपये भरा म्हणे. ताईंचे मिस्टर म्हणतात, "त्यांचे पैसे, त्यांचा नाद, तू मधे पडू नको." ताई विचारतात की नाणं खरं का खोटं हे एकदाचं कुठं कळेल, आणि वयामुळं फसणाऱ्या माणसाच्या हातातला मोबाईल काढून घ्यावा का?

उत्तर:

ताई, आधी घाईचं सांगतो, बाकीचं निवांत वाचा. ते १,८५० रुपये भरू देऊ नका. भरले असतील तर हे वाचायचं सोडा आणि १९३० ला फोन लावा, सायबर फसवणुकीची हेल्पलाईन आहे ती, जितक्या लवकर कळवाल तितकी पैसे मधेच अडकवायची शक्यता जास्त. वैष्णोदेवीचं नाणं २०१२ चं आहे, श्राइन बोर्डाच्या रौप्यमहोत्सवाला सरकारनं पाच आणि दहा रुपयांची नाणी काढली आणि ती सर्रास चलनात आली, आपल्याकडं किराणा दुकानाच्या गल्ल्यातसुद्धा सापडतात. त्याला ९ लाख देणारा कुणी नाही. ह्या 'गिऱ्हाईकाला' तुमचं नाणं नकोच असतं, त्याला फी पाहिजे असते, ती भरली की जीएसटी, मग आरबीआयचं एनओसी, मग इन्कम टॅक्स, असं एकामागनं एक निघत राहतं. रिझर्व्ह बँकेनं ४ ऑगस्ट २०२१ ला पत्रक काढून स्पष्ट सांगितलंय की जुन्या नोटा-नाण्यांच्या असल्या व्यवहारात आम्ही पडत नाही, त्यासाठी फी-कमिशन मागत नाही आणि आमच्या नावावर मागायचा अधिकार कुणाला दिलेला नाही. ते पत्रक मामांना वाचायला द्या, म्हणजे सून सांगतेय असं होणार नाही. विकणाऱ्याकडूनच पैसे मागणारं गिऱ्हाईक दिसलं की तिथंच थांबायचं.

आता मुख्य प्रश्न. तुम्ही विचारताय नाणं खरं का खोटं, आणि मला असं वाटतं की हा प्रश्न असा विचारला म्हणूनच मामा अडकले, कारण ह्या एका प्रश्नात तीन वेगवेगळे प्रश्न आहेत. धातू आणि ठसा अस्सल आहे का, हा पहिला. टाकसाळीतनं बाहेर पडल्यावर त्या नाण्यावर कुणी हात फिरवलाय का, हा दुसरा. आणि त्याची जी गोष्ट आणि जी किंमत सांगितली जातेय ती बाजारात टिकते का, हा तिसरा. गुजरीतल्या सराफांना तुम्ही चांदी आणि वजन विचारलं, त्यांनी ते सांगितलं आणि बरोबरच सांगितलं, त्यांचं कामच टंच, म्हणजे धातूची शुद्धता, काढायचं आहे. मामांनी तेच उत्तर तिन्ही प्रश्नांना लावलं. ऑनलाईन लिलावात तर सगळा खेळच ह्यावर चालतो, "चांदी खोटी निघाली तर पैसे परत" असं ठळक लिहिलेलं असतं आणि आपल्याला वाटतं बघा किती खात्रीचा माणूस, अहो पण चांदी खोटी असल्याची शंका होती कुणाला?

तुमच्या रुपयाचंच बघू. जॉर्ज सहावाचा १९३८ चा रुपया भरपूर मिळतो. १९३९ चा चांदीचा रुपया मात्र त्याच्या सगळ्या रुपयांत दुर्मिळ धरतात. दोन्हीचं वजन एकच, ११.६६ ग्रॅम, चांदीही एकच, ९१.७ टक्के, १९४० पासून ती ५० टक्क्यावर आणली. म्हणजे कुणी १९३८ चा चांगला रुपया घेतला आणि शेवटच्या ८ च्या खालच्या गोलाची डावी बाजू बारीक हत्यारानं खरवडून त्याचा ९ केला तर काय होईल? टंच तोच, वजन तेच, कारण खरवडलेली चांदी काट्याला कळणारच नाही एवढी, मॅग्नेट चिकटणार नाही, कडेच्या रेघा मूळच्या, राजाचा चेहरा मूळचा. सगळ्या परीक्षांत पास, कारण नाणं टाकसाळीतच पाडलेलं आहे, खोटा आहे तो फक्त एक आकडा. १९३८ चा १९३९ करणं ही ह्या धंद्यातली जुनी आणि माहितीतली लबाडी आहे, तुमच्या भाच्याची नजर चांगली आहे त्याला सांगा.

बघायचं कसं, तर सराफाकडं असतं तसलं दहा पट मोठं दाखवणारं भिंग घ्या आणि टेबल लॅम्पचा उजेड वरनं न पाडता एका बाजूनं तिरका पाडा. १९३९ ह्या सालात ९ दोनदा येतो, ही आपली सोय आहे. पहिल्या ९ ला कुणी हात लावलेला नसतो, त्याचा पोटाचा गोल, शेपटीचं वळण, जाडी, उंची नीट बघा आणि मग शेवटच्या ९ कडं जा. दोन्ही अगदी तंतोतंत नसले तरी एका हातचे दिसायला पाहिजेत. शेवटच्या ९ ची शेपटी एकदम बारीक किंवा तुटक वाटतेय का, त्याच्या डाव्या-खालच्या बाजूला नाण्याची सपाट जागा जरा खोल गेलीय का, तिथं बारीक ओरखडे आहेत का, आजूबाजूची चांदी जुनी काळपट आणि तेवढाच ठिपका उजळ आहे का. शेजारी १९३८ चा साधा रुपया ठेवून बघितलात तर खाडाखोड कुठं झाली असेल ती जागा लगेच कळते. आणि तिसरा प्रश्न इथं पण विचारायचाच, खरा १९३९ ह्यापेक्षा कितीतरी जास्त किमतीला जातो, मग तो कुणी २७ हजाराला का सोडेल? मामांना वाटलं स्वस्तात घबाड गावलं. दुर्मिळ नाणं स्वस्त मिळतंय ही आनंदाची बातमी नसते ताई, तो इशारा असतो. तरी पण मी नाणं प्रत्यक्ष बघितलेलं नाही, त्यामुळं निकाल देत नाही, कुठं बघायचं तेवढं सांगतोय.

असलाच प्रकार १९११ च्या रुपयाचा, तो पण सांगून ठेवतो कारण मामा त्याच्याकडं वळणारच. जॉर्ज पाचवाच्या झग्यावर साखळीत एक छोटा हत्ती आहे, १९११ च्या रुपयात त्याची सोंड इतकी आखूड आली की लोकांना ते डुक्कर वाटलं आणि मोठा गोंधळ झाला. जवळजवळ ९४ लाख रुपये पाडलेले, त्यातले सुमारे ७ लाखच बाहेर गेले, बाकीचे वितळवले, आणि १९१२ पासून हत्ती सुधारून घेतला, सोंड लांब, कान स्पष्ट. आता एखाद्यानं नंतरच्या सालाच्या शेवटच्या आकड्यात फेरफार करून १९११ केला तर? साल मागच्या बाजूला आहे आणि हत्ती राजाच्या बाजूला, सालाशी खेळणाऱ्याला हत्तीची सोंड आखूड करता येत नाही. म्हणून लिस्टिंगमध्ये साल झूम करून दाखवलंय आणि राजाच्या झग्याचा फोटो धूसर आहे असं दिसलं की तोच फोटो मागायचा.

आता हात फिरवलेल्या नाण्यांतला सगळ्यात मोठा वर्ग, जो फसवणूक वाटतच नाही. चकचकीत नाणी. नवशिक्याला वाटतं शंभर वर्षांचं नाणं आणि काय लखलखतंय, किती जपलं असेल. आपल्याकडं गुळाचं जसं आहे, हायड्रोस पावडर मारलेली पिवळीधमक ढेप लोक आधी उचलतात आणि बिनपावडरीचा काळपट गूळ मागं राहतो, तसंच नाण्यांचं, चमक बघून बिड चढते. टाकसाळीतनं आलेल्या मूळ चमकेची एक ओळख आहे, नाणं दिव्याखाली तिरकं धरून सावकाश फिरवलं की उजेडाचे पट्टे मधनं कडेपर्यंत त्याच्याबरोबर फिरताना दिसतात. पॉलिश मारलेलं किंवा मोटरला तारेचा ब्रश लावून घासलेलं नाणं कसंही फिरवा, सगळीकडनं सारखंच चमकतं, आणि भिंगाखाली एकाच दिशेच्या बारीक बारीक रेघा दिसतात. फोटोत हे कळत नाही म्हणून नाणं फिरवतानाचा व्हिडिओ मागायचा, खरा सेलर दहा सेकंदाचा व्हिडिओ पाठवतो. घासलेल्या नाण्याची किंमत जाणकार पाडूनच धरतात. घरातली नाणी चिंचेनं, पितांबरीनं, टूथपेस्टनं घासायची आपली सवय म्हणूनच मला फार टोचते, सणाला भांड्यांबरोबर रुपये पण घासून ठेवणारी घरं आहेत आपल्याकडं, कृपा करून नका घासू. उलट बाजूनं, नाण्यावर मुद्दाम रंग चढवणारे पण आहेत, उष्णता आणि गंधकाची रसायनं वापरून निळा-जांभळा इंद्रधनुषी रंग आणतात आणि त्याचे वेगळे पैसे लावतात. असल्या रंगासाठी जादा पैसे द्यायचेच नाहीत, निदान नवशिक्यानं तरी.

दागिन्यातनं काढलेली नाणी हा आपल्या भागाचा खास विषय. रुपयांच्या माळा घालायची पद्धत होती, त्यामुळं कितीतरी रुपयांना वर कडी जोडलेली असायची. ती कडी काढून, जागा भरून, घासून तो रुपया 'अनसर्क्युलेटेड', म्हणजे चलनात न फिरलेला, म्हणून विकतात. म्हणून कडेचा फोटो मागायचा, आणि एका ठिकाणचा नाही तर पूर्ण गोल फिरवून. घड्याळात बारा असतात त्या ठिकाणी, म्हणजे वर मधोमध, कडेच्या रेघा बुजलेल्या किंवा नव्यानं कोरलेल्या दिसल्या की समजायचं. अगदी कडेवरच सांधा दिसला तर ते नाणं पाडलेलं नसून ओतलेलं असायची दाट शक्यता. ओतीव नाण्याची अक्षरं गुळगुळीत, साबण झिजल्यागत, आणि मोकळ्या जागेत सुईच्या टोकाएवढे खड्डे नाहीतर फोड.

हल्लीच्या नाण्यांत 'एरर'च्या नावाखाली काय चाललंय ते विचारू नका. दहा रुपयाच्या नाण्याचा आतला पांढरा गोल बाहेर ढकलून, उलटा करून परत ठोकून बसवतात आणि 'मिंट मिस्टेक, जगात एकच' म्हणून टाकतात. दोन्ही बाजूंनी छापा असलेलं नाणं दोन नाणी कातून एकात एक बसवून केलेलं असतं, कडेच्या आतल्या अंगाला सांधा सापडतो. सालाखालची टाकसाळीची खूण पण खरवडतात, मुंबईचा हिरा, हैदराबादचा तारा, नोएडाचा ठिपका आणि कोलकात्याला काहीच खूण नाही, म्हणजे खूण उडवली की कोलकाता तयार.

होनाकडं येतो. हे जरा जपून लिहितोय कारण महाराजांचं नाव आलं की आपण कोल्हापूरकर हिशोब करत नाही, आणि विकणाऱ्याला हे पक्कं माहीत असतं. लिस्टिंगमध्ये भगवा बॅकग्राउंड, शेजारी कवड्यांची माळ, 'घराण्यातला ठेवा' अशी ओळ, हे सगळं त्याच्यासाठीच. सोन्याचा होन, एका बाजूला 'श्री राजा शिव' आणि दुसऱ्या बाजूला 'छत्र पति', वजन पावणेतीन ग्रॅमच्या आसपास, १६७४ च्या राज्याभिषेकाशी जोडलेला. अस्सल म्हणून माहीत असलेले होन इतके मोजके आहेत की नवा एखादा निघाला तर अभ्यासकांत खळबळ उडेल, तो मोबाईलवर रात्री साडेअकराला विकला जाणार नाही. नकली मात्र पोत्यानं आहेत, काही सोन्याचं पाणी दिलेले, आणि काही, हे नीट ऐका, चक्क खऱ्या सोन्याचे. सोनं खरं वापरून आज साचा करून पाडलेला होन गुजरीत नेला तर टंच पास होणार, मशीन सोन्याची शुद्धता सांगतं, ते १६७४ सालचं आहे का गेल्या आषाढातलं हे मशीनला कळत नाही. सोन्याचा भाव आज पावणेतीन ग्रॅमला किती होतो ते मामांनाच काढायला सांगा, त्याच्यावरची सगळी रक्कम ते फक्त गोष्टीला देतायत. ती गोष्ट कोण सिद्ध करणार, हे नाणं कुठनं आलं, आधी कुणाच्या संग्रहात होतं, कुठल्या कॅटलॉगमध्ये छापलंय, हे विचारल्यावर सेलर "विश्वास ठेवा साहेब" म्हणाला तर विषय संपला. "शेतात नांगरताना सापडलं" म्हणाला तर अजूनच लांब राहा, जमिनीत सापडलेल्या दहा रुपयांवरच्या ठेव्याची माहिती कलेक्टरला द्यायची असते, १८७८ चा कायदा आहे तसा. माझं मत विचाराल तर ह्या होनासाठी एफडीला हात लावायचा नाही.

शिवराईचं, म्हणजे शिवाजी महाराजांच्या नावाच्या तांब्याच्या नाण्याचं, वेगळं दुखणं आहे, तिथं नाणं बहुतेक वेळा खरंच असतं आणि गोष्ट फुगवलेली असते. 'श्री राजा शिव' असं असलेली प्रत्येक शिवराई महाराजांच्या काळातली नाही, ती पुढं पेशवाईत आणि त्यानंतरही पाडली जात होती. दोन आडव्या रेघांची दुदांडी शिवराई तर ढिगानं मिळते, काही शे रुपयात, तीच 'स्वतः महाराजांच्या टाकसाळीतली' म्हणून हजारात विकतात. झिजलेल्या शिवराईची अक्षरं हत्यारानं कोरून उठावदार केलेली पण असतात, त्यात अक्षराच्या कडा धारदार आणि बाकीचं नाणं गुळगुळीत असा विसंवाद दिसतो. आणि रामदरबार, हनुमान असलेले '१८१८, ईस्ट इंडिया कंपनी' छापाचे जे तुकडे 'तांदूळ ओढतात' म्हणून लाखोंना विकले जातात, ते कंपनीनं कधी चलनात काढलेलेच नाहीत, त्यांच्या नादानं लोकांनी जमिनी घालवल्यात. ह्याच्यापुढं त्यावर शब्द खर्च करत नाही.

किंमत कशी पडताळायची? लिस्टिंगवर लिहिलेली किंमत ही विकणाऱ्याची इच्छा असते, विकलं गेलं कितीला ते बघायचं. टोडीवाला, मरुधर, क्लासिकल न्यूमिस्मॅटिक गॅलरी ह्या लिलावघरांचे जुने कॅटलॉग आणि निकाल ऑनलाईन बघायला मिळतात, त्यात तेच साल, तीच टाकसाळ, तशीच अवस्था शोधायची, आणि एक निकाल धरायचा नाही, चार-पाच बघायचे. त्या रकमेवर घेणाऱ्याला प्रीमियम, म्हणजे लिलावघराचं कमिशन, आणि टॅक्स वेगळा लागतो हे पण धरायचं. मग त्या सेलरची बाकीची विक्री उघडायची. ज्याच्याकडं दर आठवड्याला एक 'जगात एकच' नाणं निघतं तो संग्राहक नाही. लिस्टिंगचा फोटो गूगल लेन्समध्ये टाका, तोच फोटो दुसऱ्या नावानं दुसरीकडं सापडतो कितीदा तरी. बिड करणारी खाती बघता येत असतील तर बघा, नवी कोरी, एकाच सेलरच्या मालावर थोडी थोडी बिड चढवणारी आणि शेवटी गायब होणारी खाती ही बहुतेक त्या सेलरच्या घरचीच असतात. एनजीसी नाहीतर पीसीजीएस ह्या नाणी तपासून दर्जा देणाऱ्या कंपन्यांच्या प्लॅस्टिक डबीतलं नाणं असेल तर निर्धास्त होऊ नका, डब्या पण नकली येतात. नंबर त्यांच्या साईटवर टाकायचाच, पण नंबर निघाला म्हणजे झालं नाही, कारण खऱ्या डबीचा नंबर चोरून लावलेला असू शकतो, साईटवर त्या नाण्याचा फोटो असेल तर एखादा डाग, ओरखडा जुळतो का तो बघायचा.

आता मोबाईल काढून घ्यायचं. ताई, वयामुळं फसतात हे तुमचं गृहीतक मला पटत नाही. पंचवीस वर्षांची इंजिनिअर पोरं ह्याच लिलावात असल्याच नाण्यांवर पैसे घालवतात. घड्याळ उलटं चाललंय, दुसरा कुणीतरी पुढं जातोय, रात्रीची वेळ, नाद आतनं ढकलतोय, ह्यात वय येतं कुठं? मोबाईल काढून घेतलात तर मामा लपून करतील, नाहीतर गप्प बसतील, आणि रिटायर माणसाचं असं गप्प बसणं घराला परवडत नाही. तुमच्या मिस्टरांचं म्हणणं पण मला अर्धंच पटतं. पैसे त्यांचे आहेत, नाद त्यांचा आहे, बरोबर. पण एफडी उद्या दवाखान्याला लागणार आहे आणि तेव्हा ती सगळ्यांची असणार, तेव्हा बोलायचा हक्क घराला आहे.

बोलायचं कसं ते तुमच्या पत्रातच आहे, मामा लॅबमधले आहेत. ज्या माणसानं जन्मभर उसाच्या रसाचा ब्रिक्स, म्हणजे साखरेचं प्रमाण, काढला त्याला घनतेचं गणित तुम्ही-आम्ही काय शिकवणार, उलट त्यांनाच परीक्षक करा. पॉइंट शून्य एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा काटा आणा. आधी नाणं कोरडं तोला. मग काट्यावर पाण्याचा ग्लास ठेवून आकडा शून्य करा, नाणं दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडवा, तळाला आणि काचेला लागू न देता, आणि काटा काय दाखवतो ते लिहा. ९१.७ टक्के चांदीचा ११.६६ ग्रॅमचा रुपया १.१३ च्या आसपास दाखवेल. १९४० पासूनचा ५० टक्केवाला १.२२ च्या आसपास. जर्मन सिल्व्हरचा नकली त्याच वजनाचा असेल तर १.३४ च्या जवळ जाईल. ह्यात हवेचा बुडबुडा चिकटला की आकडा चुकतो, मामांना हे सांगायला लागणार नाही. घरातली सगळी नाणी त्यांनी अशी तपासून वहीत मांडली, शेजारी भिंगातनं काय दिसलं ते लिहिलं, भाच्याला बरोबर घेतलं, की तो १९३९ पण आपोआप टेबलावर येईल. पाण्यात तो पास होणार हे तुम्हाला आता माहीत आहे, भिंगाखाली काय होतं ते त्यांचं त्यांना दिसू द्या. तुम्ही सांगितलेलं त्यांना लागेल, स्वतः पकडलेलं लागणार नाही.

पुढच्या बिडसाठी घरात दोन गोष्टी ठरवून घ्या. महिन्याची रक्कम मामांनी स्वतः ठरवायची आणि ती वेगळ्या खात्यात ठेवायची, लिलावाचं ॲप फक्त त्या खात्याला जोडायचं. आणि पाच हजाराच्या वरच्या कुठल्याही नाण्यासाठी बिड करायच्या आधी सेलरकडनं चार गोष्टी आलेल्या असल्या पाहिजेत: दोन्ही बाजूंचा साधा फोटो, पूर्ण कडेचा फोटो, काट्यावर ठेवलेलं नाणं, आणि फिरवतानाचा व्हिडिओ. नाही आल्या तर बिड नाही, मग नाणं कितीही आवडलेलं असू दे. नजर बसवायला मात्र खरी नाणी बघावी लागतात. टाऊन हॉलच्या म्युझियमला मामांना घेऊन जा, पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीच्या उत्खननातल्या वस्तू तिथं आहेत. धनुष्यबाण असलेली सातवाहन काळातल्या कुर राजांची शिशाची नाणी ही आपल्या कोल्हापूरची ओळख, आणि त्यांच्या नकला पण बाजारात टाकणं सोपं, कारण शिसं ३२७ अंशालाच वितळतं. कधी नाशिकला गेलात तर अंजनेरीला १९८० साली सुरू झालेली नाणेशास्त्राची संशोधन संस्था आहे, तिथलं संग्रहालय मामांना एक दिवसात बघून होणार नाही.

२७ हजाराचं काय करायचं ते शेवटी सांगतो. भिंगाखाली आकड्यात फेरफार दिसलाच तर शेवटच्या ९ चे आणि पहिल्या ९ चे जवळून फोटो काढा आणि सेलरला ॲपमधूनच लेखी कळवा, फोनवर बोलू नका, फोनवरचं काही शिल्लक राहत नाही. लिस्टिंगचा स्क्रीनशॉट, पेमेंटची पावती, पार्सलचं पाकीट, सगळं जपून ठेवा, आणि इथनं पुढं प्रत्येक पार्सल उघडताना न थांबता व्हिडिओ काढायची सवय लावा. परतीची मुदत संपली असली तरी लिस्टिंगमध्ये सांगितलेल्यापेक्षा वेगळा माल दिला ही तक्रार ॲपवाल्यांकडं करता येते, दाद लागली नाही तर १९१५ वर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन आहे, आणि २०१९ च्या ग्राहक कायद्यानं तुम्ही राहता तिथल्या जिल्हा आयोगात, म्हणजे कोल्हापुरातच, तक्रार दाखल करता येते, सेलर कुठल्याही राज्यातला असू दे. दुसऱ्या कुणाच्या गळ्यात मारून पैसे वसूल करूया असा सल्ला कुणी देईल, तो ऐकू नका, आकडा बदललाय हे माहीत असताना विकलं तर ती आपलीच फसवणूक झाली दुसऱ्याबरोबर. निकाल लागेपर्यंत त्या रुपयाला घासू-पुसू नका, आणि पिवळ्या पडणाऱ्या मऊ पीव्हीसीच्या पाकिटात ठेवला असेल तर आजच काढा, त्यानं नाण्यावर हिरवा चिकट थर येतो, कोऱ्या कागदाच्या पाकिटात ठेवून वर तारीख आणि सेलरचं नाव लिहा.